खूर नवा येईपर्यंत

चातुर्मासात लग्ने होत नाहीत. आषाढात देव निजले की सौसर, पांढुर्णा, बोरगाव या पट्ट्यातल्या वरातीच्या घोड्यालाही सुट्टी मिळते. झूल, कलगी आणि साज पेटीत जातो आणि घोडा बांधावरच्या हिरव्या गवतात सुटतो. चार महिने काम नाही, चरणे मात्र पोटभर. वर मालकाच्या मायेची हरभऱ्याची चंदी आणि गुळाचा खडा चालूच. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, पहिल्या वरातीची सुपारी येते, आणि घोडा बाहेर काढावा तर तो पाऊल उचलीत नाही. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, मागचे पोटाखाली घेऊन, अंगाचा भार मागे झुकवून तो उभा राहतो. वळवू लागले तर विस्तवावर पाय पडल्यासारखा अडखळतो. घरातले म्हणतात, थंडी बाधली. शेजारी म्हणतात, सांधे धरले. कोणी दृष्टही काढतात. खांद्याला तेल चोळले जाते, शेक दिला जातो. दुखणे मात्र खांद्यातही नसते आणि सांध्यातही नसते. ते खुराच्या आत, बाहेरून डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी असते.

पशुवैद्य या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्याचा पहिला झटका काही दिवसांचा असतो. तो ओसरला, घोडा पुन्हा चालू लागला, की मालकाला वाटते संकट टळले. वस्तुतः खरे काम तेथून पुढे सुरू होते. झटक्याने खुराची आतली बांधणी एकदा ढिली झाली म्हणजे रोगाला जुनाट रूप येते, आणि त्यावरचा इलाज औषधाच्या बाटलीपेक्षा नालबंदाच्या कानशीत, वैरण जोखण्याच्या काट्यात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात अधिक असतो. लग्नसराईचे सारे उत्पन्न ज्या घरी एका घोड्याच्या पायांवर उभे असते, त्या घराने हे नीट समजून घेतलेले बरे.

घोड्याचा प्रत्येक पाय म्हणजे एकच बोट, आणि खूर हे त्या बोटाचे नख. त्या नखाच्या आत पाचरीच्या आकाराचे एक हाड असते. हे हाड खुराच्या तळाशी टेकलेले असेल अशी सर्वसाधारण समजूत आहे; पण ते तसे नसते. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. भिंतीच्या आतल्या बाजूस ५५० ते ६०० उभे, पातळ पदर असतात. हाडावरच्या जिवंत कातडीलाही तसेच पदर असतात. आणि दोन फण्यांचे दात एकमेकींत अडकवावेत तसे ते परस्परांत गुंतलेले असतात. यातल्या प्रत्येक पदराला पुन्हा दीड-दोनशे बारीक पदर फुटलेले असतात. एवढ्या गुंतागुंतीमुळे त्या जोडाचे क्षेत्रफळ पुष्कळ वाढते आणि तीन-चारशे किलो वजनाचे जनावर त्यावर धावू शकते. शरीराच्या भारापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणूनच हे दुखणे बहुधा पुढच्या पायांत प्रथम दिसते.

लॅमिनायटिसमध्ये हा जोडच ताणला जातो, फाटतो, सुजतो. सूज यावी तर खुराची भिंत शिंगासारखी कठीण. तिला फुगायला जागा नाही. ठेचलेल्या बोटाचे नख ज्याने कधी अनुभवले असेल त्याला या वेदनेची थोडी कल्पना येईल. मात्र त्या नखावर आपल्याला उभे राहावे लागत नाही. जोड सुटू लागला म्हणजे दोन ओढी एकाच वेळी काम करतात. खुराचे पुढचे टोक जमिनीवर रेटले जाऊन भिंतीला पुढे ओढते, आणि पायाच्या मागून येणारी जाड शीर, जिला शास्त्रात कंडरा म्हणतात, ती हाडाला मागे खेचते. परिणामी हाडाचे टोक खाली वळते आणि तळव्याकडे रोखले जाते. काही घोड्यांत हाड न वळता सरळ खालीच बसते, आणि तो प्रकार अधिक वाईट.

हे ज्ञान आजचे नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जव अति खाल्ल्याने होणाऱ्या घोड्याच्या आजाराचा उल्लेख आहे आणि तो आरंभीच ओळखावा असा इशाराही आहे. आपल्याकडे शालिहोत्राच्या परंपरेतून अश्ववैद्यक चालत आले. मराठ्यांच्या लष्करात तर घोड्याच्या पायाला जमाखर्चाच्या वहीतच जागा होती. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारांना जी आगाऊ रक्कम मिळे तिला ‘नालबंदी’ असे नाव होते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० नंतरच्या दशकात बंगालपर्यंत गेल्या, त्या अशाच नालबंदीवर गेल्या. सौसरचा मुलूख तेव्हा त्याच भोसल्यांच्या राज्यात होता. आज बोरगावात कापडाची गिरणी आणि कारखाने आहेत, बैलबंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे, आणि २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात घोडा उरला आहे तो मुख्यतः नवरदेवापुरता. घोडा कमी झाला तसा नालबंदही कमी झाला. काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकणारे आजही पुष्कळ आहेत. ती ज्या पायातून निघाली त्या पायाची चौकशी करणारा एखादाच.

रोग होतो कशाने? जुने उत्तर धान्याचे, आणि ते खरेच आहे. छिंदवाड्याकडचा हा सारा भाग मक्याचा. रात्री दावे तुटून घोडा मक्याच्या राशीला लागला, की पिठूळ धान्य न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तिथले विष रक्तात उतरते आणि एक-दोन दिवसांत पाय धरतात. घोडी व्याल्यावर वार अडकून राहिली, पोटात मोठा बिघाड झाला, तरी असेच होते. एक पाय मोडला किंवा जायबंदी झाला, तर सारा भार सोसणाऱ्या दुसऱ्या पायालाही ते गाठते. अमेरिकेत २००६ सालची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो हा घोडा पुढच्याच शर्यतीत मागचा पाय मोडून पडला. शस्त्रक्रिया झाली, नामांकित वैद्य महिनोन्महिने झटले, परंतु उरलेल्या पायांना लॅमिनायटिसने ग्रासले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांत करावे लागले. १९७३ साली तिथल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएटचाही १९८९ साली शेवट याच रोगाने झाला. पैशाला आणि विद्येला तिथे तोटा नव्हता, हे बोरगावच्या घोडेवाल्याने ध्यानात ठेवावे आणि उगाच स्वतःला दोष देत बसू नये.

तथापि वरातीच्या घोड्याचे दुखणे बहुतेक वेळा याहून निराळ्या, संथ वाटेने येते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातील साखर नेहमीच्या पातळीवर ठेवून केवळ इन्शुलिनचे प्रमाण फार वाढविले. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे माणसाच्या मधुमेहाचे जे नाते इन्शुलिनशी, तशाच जातीचे नाते घोड्याच्या खुराचेही आहे. बैठ्या, लठ्ठ, मानेवर चरबीची ताठ वळी चढलेल्या घोड्याला गोड चारा मिळाला की त्याच्या रक्तात इन्शुलिन उसळते. मंडपापुढे शोभावा म्हणून घोडा गुबगुबीत ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. वरपक्षाच्या बायका त्याला भिजली डाळ आणि गूळ भरवितात, तो घोड्याचा मान समजला जातो. हा मान एका लग्नात मूठभर असला तरी हंगामात पायलीभर होतो. त्यावर चातुर्मासाचा आळस आणि पावसाळी कोवळे गवत. रोगाला आणखी आमंत्रण ते काय द्यावयाचे?

पहिल्या झटक्यात काय करावे, ते थोडक्यात सांगता येईल. पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावे. तो येईपर्यंत घोड्याला चालवू नये. ‘रक्त मोकळे होईल’ म्हणून फिरविणे म्हणजे फाटता जोड आणखी फाडणे होय. खुरांखाली जाड वाळू किंवा मऊ अंथरूण द्यावे. धान्य पोटात गेल्याचे नक्की कळले असेल तर लक्षण दिसण्यापूर्वीच पाय गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फाच्या पाण्यात सतत दोन-तीन दिवस ठेवल्याने रोग टळू शकतो, हे प्रयोगांनी दाखविले आहे. बोरगावात एवढा बर्फ मिळविणे सोपे नाही, पण वरातीच्या मंडपाला तो मिळतो, मग घोड्याला का मिळू नये? खांद्यावर डाग देणे, शीर तोडून रक्त काढणे हे जुने प्रकार मात्र सोडून द्यावेत. दुखणे आहे खुरात. खांदा भाजून काय होणार?

आता जुनाट अवस्थेकडे वळू. ती ओळखण्याची खूण खुरावरच लिहिलेली असते. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या असतात. निरोगी खुरात त्या एकमेकींना समांतर असतात. या रोगात मात्र त्या टाचेकडे लांब लांब आणि पुढे जवळ जवळ येतात, कारण टाच वेगाने वाढते आणि पुढचा भाग मागे पडतो. पुढची भिंत सरळ न उतरता खोलगट होते आणि टोक चपलेच्या चोचीसारखे वर येते. तळवा, जो आत वळलेला असावा, तो सपाट किंवा फुगीर होतो. भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेघ रुंद होते आणि तिच्यात खडे, माती शिरते. खूर उचलून या चार गोष्टी पाहायला शिकलेला मालक घोडा विकत घेतानाही फसणार नाही.

खूर केसांच्या सीमेपासून खाली वाढतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढची भिंत पूर्ण नवी येण्यास ९ महिने ते वर्ष लागते. फाटलेला जोड पुन्हा शिवता येत नाही. वरून जो नवा खूर उतरतो तो मात्र हाडाला घट्ट धरून उतरू शकतो, परंतु खालच्या जुन्या, फाकलेल्या भिंतीने त्याला ओढून वाकडे केले नाही तरच. वर्षभर ती ओढ कमी ठेवावयाची, एवढे माणसाच्या हाती असते. केसांच्या सीमेखाली कानशीने भिंतीवर एक उथळ रेघ काढून ठेवावी. दर महिन्याला ती किती खाली सरकली आणि तिच्या वरचा खूर सरळ उतरतो आहे की नाही, हे घरच्या पोरालाही पाहता येते.

तासणीचे तत्त्व असे की खुराचा आकार आतल्या हाडाच्या आकाराशी जुळवावयाचा. हाड कोठे आहे ते एक्स-रेवाचून नक्की कळत नाही. खुराच्या पुढच्या भिंतीवर एक तार चिकटवून बाजूने चित्र घेतले, म्हणजे भिंत आणि हाड यांच्यातला कोन आणि हाडाखाली तळव्याची जाडी दोन्ही मोजता येतात. निरोगी घोड्यात ही जाडी सुमारे १५ मिलिमीटर किंवा अधिक असते. ती १० च्या खाली गेली असेल तर फार जपावे लागते. त्यासाठी घोडा नागपुरापर्यंत न्यावा लागला तरी तो खर्च वाया जात नाही. तिथले पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालापासून आहे. मात्र टेंपोत वाळूचा जाड थर घालावा आणि गाडी सावकाश हाकावी.

चित्र हाती आले की पशुवैद्य आणि नालबंद यांनी एकत्र बसून काम ठरवावे. आपल्याकडे नेमके हेच होत नाही. वैद्य सुई टोचून जातो, नालबंद दुसऱ्या दिवशी येऊन आपल्या मनाने तासतो, आणि दोघांची भेट पडत नाही. पुढचे लांबलेले टोक पुढच्या बाजूने कानशीने मागे घ्यावे, त्याला गोलाई द्यावी, म्हणजे पाऊल उचलताना भिंतीवर ताण कमी पडतो. वाढलेली टाच हळूहळू खाली आणावी. एकाच दिवसात उतरविली तर कंडरा एकदम ताणली जाऊन हाडाला आणखी खेचते. तळव्याला रापी लावू नये. स्वच्छ, गुळगुळीत तळवा दिसावयास सुरेख, पण या घोड्याच्या तळव्याचा प्रत्येक मिलिमीटर हाडाचे रक्षण करीत असतो. नालबंदाचा हात सवयीने तळव्याकडे जातो, तेव्हा त्याला नम्रपणे थांबवावे. तोही मुख्यतः ऐकूनच शिकलेला असतो.

ही तासणी दर ४ ते ६ आठवड्यांनी व्हावी. निरोगी घोड्याला दोन महिने चालतात, याला चालत नाहीत. एक फेरी चुकली की टोक पुन्हा लांबते आणि तीन महिन्यांचे काम पुसले जाते. नालबंद जवळ नसेल तर मधल्या काळात मालकाने टोकावरून दोन-चार हात कानस फिरविण्याचे शिकून घ्यावे. नालेचे म्हणाल तर, कमकुवत भिंतीत खिळे ठोकणे हे दुधारी आहे. काहींना उलटी बसविलेली, टोकाला मोकळी असलेली नाल मानवते. काहींना तळव्यामधल्या त्रिकोणी लवचीक गादीला आधार देणारी. पुष्कळ घोड्यांना आरंभी नाल काढून टाकून खुराखाली जाड रबराची गादी बांधणे हेच सोयीचे पडते. कोणती, हे चित्र पाहून वैद्याने सांगावे.

मध्येच एखाद्या दिवशी बरा चाललेला घोडा तीन पायांवर उभा राहिलेला आढळतो. अशा वेळी रोग उलटला असे समजून हाय खाऊ नये. बहुधा खुरात पू झालेला असतो. रुंदावलेल्या पांढऱ्या रेघेतून घाण आत शिरते आणि पू बाहेर पडण्यास वाट नसते. वैद्याने ती वाट करून दिली की घोडा कित्येकदा त्याच दिवशी पाय टेकतो. पुढे काही दिवस खूर धुऊन, मॅग्नेशियम सल्फेटाच्या कोमट पाण्यात बुडवून, बांधून ठेवावा. धनुर्वाताची लस अवश्य द्यावी. घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे दुसरे जनावर क्वचितच असेल.

वेदनाशामक औषधे वैद्याच्या सांगण्यानेच द्यावीत. दुखणे दबले की घोडा नको तितका हिंडतो, आणि औषध अधिक झाले तर पोटात व्रण पडतात. डायक्लोफिनॅक हे औषध तर जनावरांना देण्यास भारत सरकारने २००६ सालीच मनाई केली, कारण ते पोटात असलेली मेलेली जनावरे खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. माणसांसाठीच्या दुकानातून ते आणून घोड्याला टोचणारे आजही भेटतात.

खुराइतकीच राखण तोंडाची. ३५० किलोच्या स्थूल घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सव्वापाच किलोच्या आसपास, कोरडी वैरण पुरते. ती अंदाजाने टाकू नये; काट्यावर जोखावी. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर त्यातली बरीच साखर जाते. हरभरा, मका, कणकेचे गोळे, गूळ, उसाची वाढी ही सारी बंद. चरायला सोडावयाचेच तर पहाटे, आणि तोंडाला जाळी बांधून. उन्हात गवतात साखर साठत जाते, ती दुपारनंतर अधिक असते. मात्र लठ्ठ घोड्याला एकदम उपाशी ठेवू नये. अंगातली चरबी रक्तात उतरून तो दुसऱ्याच रोगाने दगावू शकतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांना घोड्याचा गूळ बंद करणे जिवावर येते. तरीही तो बंदच करावा.

यानंतरचा प्रश्न सर्वांत कठीण: घोडा पुन्हा वरातीला जाईल काय? नवा खूर सरळ, पूर्ण जमिनीपर्यंत उतरला, एक्स-रेत हाड जागेवर आहे, आणि वेदनाशामकावाचून घोडा कठीण जमिनीवर मोकळा चालतो, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हलके काम द्यावे. डांबरी रस्त्यावर बँडपुढे तीन तास ताटकळणे हे हलके काम नव्हे. एक हंगाम तर बुडालाच. दुसरा वाचविण्याच्या घाईत जनावर कायमचे जाते. शिवाय अपंग, रोगी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. सुई टोचून रात्रीपुरता उभा केलेला घोडा नवरदेवासकट पडल्यावर ते कलम आठवून उपयोग नाही.

आणि काही घोडे सुधारत नाहीत. हाड तळवा फोडून बाहेर दिसू लागले, घोडा दिवसाचा बहुतेक वेळ आडवाच राहतो, कुशीला फोड येतात, चारा समोर असून तोंड लावीत नाही, असे दिवस लांबले तर वैद्याला स्पष्ट विचारावे. हताश झालेल्या जनावराला शांत करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. पुष्कळ मालकांना ते पाप वाटते, म्हणून घोडा बाजारात विकला जातो किंवा रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिला जातो. त्याचे दुखणे त्याने कमी होत नाही. फक्त ते घरच्यांना दिसेनासे होते. वैद्याने सुई देऊन शांत केलेल्या घोड्याचे शव उघड्यावर टाकू नये. त्या औषधाने कुत्री, कोल्ही आणि गिधाडे मरतात. विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, खोल खड्डा काढून त्यात ते पुरावे.